धुयले बी मालक ऱ्हास

थाळनेरच्या घाटाखाली मार्चमध्ये
तापी एका कडेला सरकून बसते.
मधली वाळू मग ज्याची त्याची:
भोई डांगराच्या वेली लावतात,
पोरं स्टंप रोवतात,
आणि मी, हिलाल झारेकरी, आयटीआय पास,
नऊ हजारांचं मशीन घेऊन
कानात हेडफोन, खाली मान, हळूहळू चालतो.

मागून आत्या. दगूबाई.
जळगावच्या सराफ गल्लीत चाळीस वर्षं
पहाटे गटारीतला गाळ उपसला तिनं,
परातीत हलवून हलवून
मुगाच्या डाळीएवढं सोनं वेगळं केलं.
मशीनकडे ती अशी बघते
जशी जुनी सुईण बघते सोनोग्राफीकडे.

पहिल्यांदा टीं झालं तेव्हा मी गुडघ्यांवर.
निघालं सोड्याच्या बाटलीचं बूच.
फेकलं, उठलो, पुढे निघालो.
"ए भाऊ, खड्डा कोन बुजी? तुन्हा बाप?"
बाप नव्हता. मीच बुजवला,
टाचेनं दाबला. तिनं पुन्हा दाबला.
भोयाच्या वगारीनं एकदा
अशाच भोकात पाय घालून मोडला होता.
भोक कुणाचं होतं, हे तिनं
दोन फर्लांग चालून झाल्यावर सांगितलं.
तिचं.

नियम असे तिनं ओळीनं कधी सांगितले नाहीत.
ओल्या पाटीतून वाळू गळते
तसे गळत गेले.
वेलींच्या चार हात आत जायचं नाही;
भोई झोपला असेल तर मुळीच नाही.
टिटवी ओरडत अंगावर आली
तर चूक टिटवीची नसते.
बूच, खिळे, ब्लेड आपल्या खिशातून घरी.
किल्ल्याच्या भिंतीशी निळी पाटी आहे,
तिच्या पलीकडे मशीन बंद करूनही नाही.
"बंद शे का चालू, पाटीले काय माहीत?"

मी म्हटलं, आत्या, वाळू सरकारी आहे.
सरकारी म्हणजे कुणाचीच नाही.
ती थांबली, पदरानं मान पुसली.
सराफाच्या दुकानातला केर
वर्षाचे पैसे आगाऊ भरून उचलायचो आम्ही, म्हणाली.
भाव पाडायला लागलं की शेठ म्हणायचा, राहू द्या,
माझा केर माझ्याकडे.
"धुयले बी मालक ऱ्हास, भाऊ."

पोलीस पाटील लोटनआप्पांनी
चष्मा पुसत कायदा सांगितला होता:
जमिनीत दडलेलं, दहा रुपयांवर मोलाचं
काही निघालं तर कलेक्टरला कळवायचं.
दहा रुपये! मी हसलो. एक कटिंग.
आत्या हसली नाही.
कायदा झाला तेव्हा दहात बैल येत असेल, म्हणाली.
"तू बैल समजीसन चाल."

घाटाच्या शेवटच्या पायरीपुढे
मशीन लांब वाजलं, गोड.
बूच असं वाजत नाही.
वीतभर उकरलं.
चांदीचा वाळा, घुंगरू अजून जागेवर,
माझी दोन बोटं कशीबशी आत जातील एवढा.
आत्यानं वाळ्याकडे नाही,
आसपासच्या वाळूकडे पाहिलं.
जरा उंच होती. वर तीन दगड,
कुणीतरी मोजून ठेवलेले,
मी त्यातला एक पायानं सरकवला होता.

"हाई सापडेल नई," ती म्हणाली.
"हाई ठेयेल शे."

तो खड्डा तिनं टाचेनं बुजवला नाही.
खाली बसली, गुडघे कुरकुरले,
तळहातानं वाळू ओढत राहिली.
दगड मी लावला. ती म्हणाली, तसा नव्हता.
पुन्हा लावला.

परतताना मशीन बंद करायचं राहिलं,
तिच्या पावलाशी जाऊन टीं टीं करायला लागलं.
जोडवी.
दहाच्या वरची आहेत, मी म्हटलं.
"मंग लिही दे कलेक्टरले."
आणि चढावर उभं राहून, डोळ्यांवर हात धरून
आम्ही चालून आलो ती रेघ तिनं तपासली.
एकोणीस खड्डे केले होते मी.
अठरा कुठे होते ते मलाही सांगता येईना.
एक, भोयाच्या वेलींपाशी,
काळा, उघडा, वासरू मावेल एवढा दिसत होता तिथून.

ती काही बोलली नाही.
मशीन तिच्या हातात दिलं
आणि मी परत खाली उतरलो.